चिनी बौद्ध आणि त्यांचे पूर्वज

(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेत केलेले भाषण)



आजचा विषय आम्ही निवडलेला नाही, तो एका विद्यार्थ्याने आमच्या गळ्यात घातला आहे. रविवारच्या अभ्यासवर्गात आम्ही चिनी बौद्ध विहारांवरची एक चित्रफीत दाखवली होती. तीत एका दालनाच्या भिंतीवर शेकडो लहान लाकडी पाट्या मांडलेल्या होत्या. प्रत्येक पाटीवर एका मृत व्यक्तीचे नाव, समोर फळे, भाताचे वाडगे, उदबत्त्या, आणि काळ्या चीवरातल्या भिक्खुणी सूत्रपठण करीत उभ्या. चित्रफीत संपली आणि आठवी-नववीतला एक मुलगा उठून म्हणाला, "सर, हे लोक बौद्ध आहेत आणि हे तर श्राद्ध घालताहेत. मग आमच्या आज्जीने पितृपंधरवड्यात एक पान वाढून ठेवलं, तर बाबा तिच्यावर का ओरडतात?"

वर्गात हशा पिकला. आम्हाला हसता आले नाही, कारण त्या क्षणी उत्तर आमच्यापाशी नव्हते. "वर्षावासात यावर बोलू" असे सांगून आम्ही वेळ मारून नेली. जाताना त्याला एवढेच म्हटले की, आज्जीला विचारून ये, ते पान कोणाच्या नावाचे असते?

प्रश्न वाटतो तितका साधा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील सहावी प्रतिज्ञा श्राद्धपक्ष आणि पिंडदान नाकारणारी आहे. ती घेणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांना पिंड म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. मेलेल्या बापाच्या नावाने सावकाराकडून कर्ज काढायचे, आणि ते ज्याच्या हाती द्यायचे तो आपली सावलीही टाळणार, हे त्यांनी भोगलेले होते. म्हणून ही प्रतिज्ञा आमच्या दृष्टीने मुक्तीची प्रतिज्ञा आहे आणि तिच्याबद्दल आज वाद घालण्याचा आमचा हेतू नाही. पण चीनमधले, तैवानमधले, सिंगापूरचे कोट्यवधी बौद्ध दरवर्षी पूर्वजांपुढे हात जोडतात, हेही खरे आहे. ते धम्म विसरले आहेत काय? की आपण त्यांच्याकडे घाईने पाहतो आहोत? याचा शोध घ्यायचा तर थोडे मागे जावे लागेल.

बौद्ध धम्म चीनमध्ये पोहोचला इसवी सनाच्या पहिल्या शतकात. पूर्वजांना मान देण्याची चाल तिथे त्याच्या हजार वर्षांहूनही आधीची. १८९९ साली चिनी विद्वानांचे लक्ष काही जुन्या हाडांकडे गेले. औषध म्हणून विकली जाणारी ही बैलांची हाडे आणि कासवांची कवचे होती, आणि त्यांवर अक्षरे कोरलेली होती. ती आन्यांग शहराजवळची, शांग राजांच्या काळातली निघाली. हे राजे हाड तापवून त्याला पडणाऱ्या भेगांवरून कौल घेत असत. कौल कशाचा? पाऊस पडेल का, लढाई जिंकू का, राणीचे बाळंतपण नीट होईल का. राजाचा दात दुखला तर तो कोणत्या मृत वडीलधाऱ्याच्या रागाने दुखला, हेही विचारलेले आहे. म्हणजे आरंभी या मानात प्रेमापेक्षा धाक जास्त होता. मेलेला बाप जिवंत बापाहून बलवान, त्याला बळी देऊन शांत ठेवायचे, असा हा व्यवहार होता.

पुढे कन्फ्यूशियसने (इ. स. पू. ५५१ ते ४७९) या व्यवहाराचा सूर बदलला. देव आणि भुते यांच्याविषयी बोलायला तो फारसा राजी नसे. जिवंत माणसांची सेवा अजून नीट जमत नाही, तिथे मृतांच्या सेवेचे काय, असा त्याचा रोख होता. मात्र आईबापांसाठी तीन वर्षे सुतक पाळावे असा त्याचा आग्रह होता, आणि कारण विचारले तर तो सांगे की मूल तीन वर्षांचे होईपर्यंत आईबापांच्या कडेवर असते. म्हणजे कर्जफेड आहे, पण ती प्रेमाची. त्याच्या मागून आलेला शुन-त्सु आणखी स्पष्ट आहे. त्याचे म्हणणे असे की, पूर्वजांचे विधी शहाण्या माणसाच्या लेखी माणुसकीचा भाग असतात, सामान्य लोकांना मात्र ती भुतांची सेवा वाटते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला हा विचार आहे. आपल्या अभ्यासवर्गातला वाद तिथे बावीसशे वर्षांपूर्वीच झालेला दिसतो.

याच्या उलट बाजूलाही एक थोर माणूस उभा होता. मो-त्सु त्याचे नाव. त्याने खर्चिक अंत्यविधींवर कोरडे ओढले. शेतकरी तीन वर्षे शोक करीत बसला तर शेत कोण कसणार, विणकरीण बसली तर कापड कोण विणणार, आणि घरातली सगळी संपत्ती थडग्यात पुरली तर लेकरांनी खायचे काय? चिनी समाजाने मो-त्सुचे फारसे ऐकले नाही. राजाच्या कायद्याने सुतक सत्तावीस महिन्यांचे ठरले आणि बाप वारला की अधिकाऱ्याला पद सोडून घरी जावे लागे. १५७७ साली साम्राज्याचा मुख्य कारभारी चांग च्यू-चेंग याचे वडील वारले. बादशहाने त्याला कामावरच ठेवून घेतले, तर त्याविरुद्ध अर्ज करणाऱ्या अधिकाऱ्यांनी दरबारात फटके खाल्ले, पण 'हे अधर्माचे आहे' असे म्हणायचे सोडले नाही.

आता घरातली रीत पाहू. बाराव्या शतकात चू-शी नावाच्या पंडिताने गृहविधींची रीत घालून दिली, तिचा प्रभाव पुढे शेकडो वर्षे टिकला. घरात मृतांच्या नावांच्या पाट्या ठेवायच्या. आईवडील, आजीआजोबा, पणजीपणजोबा आणि खापरपणजीपणजोबा अशा चार पिढ्यांच्या. पाचवी पिढी वर सरकली की तिची पाटी काढून कबरीपाशी पुरायची. पाटी तयार करताना एक विधी असतो, तो आम्हाला फार बोलका वाटतो. पाटीवरचे शेवटचे अक्षर मुद्दाम अपुरे लिहितात. चिनी लिपीत 'राजा' या अर्थाच्या अक्षरावर एक ठिपका दिला की ते 'स्वामी' असे होते. हा ठिपका गावातल्या मानाच्या माणसाने लाल शाईने द्यायचा. ठिपका पडेपर्यंत ते लाकूड असते, त्यानंतर ते घरातले माणूस होते. नवी सून आली की ती प्रथम या पाट्यांना वाकून नमस्कार करते, सणाला पहिला वाडगा त्यांच्यापुढे जातो. घरातल्या गोष्टी त्यांना जाऊन सांगतात.

वर्षातला मोठा दिवस छिंग-मिंग. चिनी सण बहुतेक चंद्रावर चालतात, हा सूर्यावर चालतो. वसंतसंपातानंतर साधारण पंधरा दिवसांनी, म्हणजे ४ किंवा ५ एप्रिलच्या सुमारास तो येतो. नावाचा अर्थ 'स्वच्छ आणि उजळ'. या दिवशी सगळे कुटुंब कबरीवर जाते. गवत उपटायचे, खचलेली माती भरायची, दगडावरची पुसट झालेली अक्षरे पुन्हा रंगवायची. मग कोंबडी, डुकराचे मांस, फळे, मद्याचे लहान पेले मांडायचे, उदबत्त्या लावायच्या, वयाप्रमाणे एकेकाने वाकायचे. नंतर तेच अन्न सगळ्यांनी मिळून खायचे, कित्येकदा तिथेच गवतावर बसून. दक्षिणेकडच्या कबरी डोंगरउतारावर घोड्याच्या नालाच्या आकाराच्या असतात. अशी एक आपल्या देशातही आहे. कोलकात्याच्या दक्षिणेला हुगळीकाठी अचिपूर येथे अठराव्या शतकात येऊन राहिलेल्या पहिल्या चिनी वसाहतकाराची लाल रंगाची कबर आहे, आणि चिनी नववर्षाच्या सुमारास कोलकात्यातली चिनी कुटुंबे अजून तिथे जातात.

आतापर्यंत सांगितले ते सगळे आपल्या रक्ताच्या माणसांविषयी झाले. ज्याला मागे कोणी नाही त्याचे काय? इथे या परंपरेची दुखरी बाजू सुरू होते. आर्थर वुल्फ नावाच्या मानवशास्त्रज्ञाने तैवानमधल्या खेड्यांत राहून जे पाहिले, ते त्याने १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात मांडले आहे. तिथले लोक परलोकातल्यांचे तीन वर्ग मानतात: देव, पूर्वज आणि भुते. देव म्हणजे अधिकारी, पूर्वज म्हणजे आपली माणसे, आणि भूत म्हणजे अनोळखी, भिकारी. पूर्वजांना घरात शिजलेले अन्न, वाडग्यात, काड्यांसह वाढतात. भुतांना दाराबाहेर. पण एका घरचा पूर्वज दुसऱ्या घरच्या लेखी भूतच असतो. म्हणजे भूत ही वेगळी जात नाही. ज्याला पान वाढणारा कोणी उरला नाही, ते भूत. लढाईत मेलेला शिपाई, निपुत्रिक म्हातारा, लग्नाआधी वारलेली मुलगी, तान्हे मूल यांना पाटी नाही. मुलगी माहेरच्या पाट्यांत बसत नाही, तिची पाटी नवऱ्याच्या घरी. लग्नच झाले नाही तर कुठेच नाही. मेन्शियसने निपुत्रिक राहणे हा सर्वांत मोठा मातृपितृद्रोह ठरवला होता, त्याचा भार किती पिढ्यांच्या सुनांनी वाहिला असेल याची कल्पना करा. २०२० च्या चिनी जनगणनेत जन्मणाऱ्या दर १०० मुलींमागे १११ हून अधिक मुलगे आढळले. याला इतरही कारणे आहेत, पण पाटीपुढे उदबत्ती लावायला मुलगाच हवा ही समजूत त्यांपैकी एक आहे. आपल्याकडेही मुखाग्नी कोणी द्यायचा यावरून काय चालते, ते येथे बसलेल्या भगिनींना सांगायला नको.

अशा समाजात भगवान बुद्धांचा धम्म गेला. तिथल्या पंडितांनी पहिला आक्षेप घेतला तो हाच. तुमचे भिक्खू घर सोडतात, आईबापांनी दिलेले केस काढून टाकतात, लग्न करीत नाहीत, वंश बुडवतात. मग पूर्वजांना पाहणार कोण? या आक्षेपाचे उत्तर चिनी बौद्धांनी एका कथेतून दिले. यूलानपेन सूत्र असे त्या छोट्या सूत्राचे नाव. परंपरा त्याच्या भाषांतराचे श्रेय धर्मरक्ष या तिसऱ्या-चौथ्या शतकातल्या भिक्खूला देते. ते चीनमध्येच रचले गेले असावे असे अनेक अभ्यासकांना वाटते.

कथेचा नायक आपल्या ओळखीचा आहे. महामोग्गलान, ज्याला चिनी लोक मू-ल्येन म्हणतात. अर्हतपद मिळाल्यावर त्याला आईची आठवण झाली. दिव्यदृष्टीने पाहिले तर ती भुकेल्या पेतांमध्ये, हाडांना कातडी चिकटलेली. त्याने पात्रात भात भरून तिला नेऊन दिला. तिने डाव्या हाताने पात्र झाकून धरले, कोणी दुसरा येऊन घेईल म्हणून, आणि उजव्या हाताने घास उचलला. घास तोंडाशी जाण्यापूर्वीच त्याचे निखारे झाले. मू-ल्येन रडत बुद्धांकडे आला. बुद्ध म्हणाले, तिच्या कृत्यांची मुळे खोल आहेत, तुझ्या एकट्याच्या बळाने हे होणार नाही. सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला दहा दिशांचा भिक्खू संघ वर्षावास संपवून एकत्र येतो, त्या दिवशी संघाला भोजनदान दे. त्या पुण्याने तुझी आईच नव्हे तर सात पिढ्यांचे आईबाप दुःखातून सुटतील.

विद्यार्थ्यांनी कथेतला एक बारकावा लक्षात घ्यावा. मुलाने आईच्या तोंडी थेट घास घातला, तेव्हा त्याचे निखारे झाले. श्राद्धात नेमके हेच करतात. पिंड ठेवला, तो तिकडे पोहोचला. सूत्र सांगते की अशाने पोहोचत नाही. अन्न जिवंतांच्या पात्रात पडले पाहिजे. आणि त्या आईची भूक कशामुळे होती? पात्र झाकून धरणाऱ्या हातामुळे. मेल्यावरही तो हात तिने काढला नाही.

(जाता जाता सांगतो, यूलानपेन या शब्दाचे कोडे अजून पुरते सुटलेले नाही. जुने चिनी भाष्यकार त्याचा अर्थ 'उलटे टांगलेले' असा देतात. महाभारताच्या आदिपर्वात जरत्कारूचे पितर वंश खुंटल्यामुळे खड्ड्यात खाली डोके करून लोंबकळत असतात, ते इथे आठवते. अलीकडच्या एका मतानुसार मात्र हा शब्द 'ओदन', म्हणजे भात, यावरून आला आणि त्याचा अर्थ भाताचे पात्र असा होतो. आम्हाला हा दुसरा अर्थ अधिक आवडतो, पण आवडीने व्युत्पत्ती ठरत नसते.)

चीनचा वर्षावास चौथ्या महिन्यात सुरू होऊन सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला संपतो. ही पौर्णिमा बहुधा आपल्या श्रावण पौर्णिमेच्या आसपास येते. हा दिवस तिथे मोठा सण झाला. सहाव्या शतकातली वर्णने सांगतात की भिक्खू-भिक्खुणी आणि गृहस्थ सगळे विहारांत दान नेत. मू-ल्येनची कथा लोकांनी रंगवून रंगवून वाढवली. तुनह्वांगच्या गुहांत सापडलेल्या हस्तलिखितांत तो आईला शोधत एकेका नरकाचे दार ठोठावत जातो. आई शेवटी एका काळ्या कुत्रीच्या रूपात भेटते, आणि तो तिच्याजवळ बसून सात दिवस-रात्री सूत्रपठण करतो, तेव्हा ती पुन्हा माणूस होते. बाराव्या शतकातल्या एका ग्रंथात खायफंग नगरीच्या आठवणी आहेत. सातव्या महिन्याच्या सातव्या दिवसानंतर पौर्णिमेपर्यंत तिथे मू-ल्येनचे नाटक चाले आणि गर्दी वाढत जाई, असे तो सांगतो.

याच सणात पुढे जी भर पडली, ती आमच्या मते चिनी बौद्धांची खरी कमाई आहे. विहारांत 'सर्वांना तारणारे' अन्नदान सुरू झाले. कोणासाठी? ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठी. घराबाहेर मेज मांडायचे, त्यावर भात, फळे, पाणी ठेवायचे, आणि भिक्खूंनी सूत्रे म्हणून ते सगळ्या भुकेल्यांना अर्पण करायचे. रात्री नदीत कागदाचे दिवे सोडायचे, बुडून मेलेल्यांना वाट दिसावी म्हणून. तैवानमध्ये या भुतांना लोक 'चांगले भाऊ' म्हणतात. त्यात भीती आहे, गोड बोलून टाळण्याचा भाग आहे, हे उघड आहे. तरी ज्या समाजात चार पिढ्यांच्या पलीकडे कोणी कोणाला पाहत नव्हता, तिथे अनोळखी मृतासाठी पान मांडायला धम्माने शिकवले.

मग हे सगळे चीनचेच आहे काय, आपल्या धम्मात त्याला आधार नाही काय? आधार आहे, आणि तो आपण रोज वापरतो. आपल्याकडे माणूस गेल्यावर जलदान विधी आणि पुण्यानुमोदन होते. त्या वेळी भिक्खू जे तिरोकुड्ड सुत्त म्हणतात, ते याच विषयावरचे आहे. भिंतींपलीकडे, चव्हाट्यावर, दाराच्या चौकटीशी आपले गेलेले नातलग येऊन उभे राहतात. तिथे शेती नाही, गाईगुरे नाहीत, व्यापार नाही. इथून दिलेल्यावरच त्यांची गुजराण. रडण्याने त्यांना काही मिळत नाही, संघाला दिलेल्या दानाने मिळते. मराठीत प्रेत म्हटले की आपल्याला मृतदेह आठवतो, पण पालीतला 'पेत' म्हणजे पुढे निघून गेलेला. अंगुत्तर निकायात जाणुस्सोणी ब्राह्मण बुद्धांना सरळच विचारतो की आम्ही श्राद्धे घालतो ती मृतांना पोहोचतात का? उत्तर असे आहे की मृत पेतयोनीत असला तर पोहोचते, इतरत्र जन्मला असला तर नाही. पण देणाऱ्याचे दान वाया जात नाही. आणि मंत्रांनी मृताला स्वर्गात पाठवता येते का, यावर संयुत्त निकायात दगडाचा दृष्टान्त आहे. डोहात टाकलेल्या धोंड्याभोवती उभे राहून 'वर ये, वर ये' अशी कितीही प्रार्थना केली, तरी तो वर येत नाही.

सिगालाची गोष्ट तर सगळ्यांना पाठ असेल. बापाने मरताना सांगितले म्हणून तो ओल्या कपड्यांनी सहा दिशांना हात जोडत होता. बुद्धांनी त्याला 'बापाचे ऐकू नकोस' असे म्हटले नाही. पूर्व दिशा म्हणजे आईवडील, असा दिशांचाच अर्थ बदलून दिला. मुलाने आईवडिलांसाठी करायच्या पाच गोष्टींत पाचवी आहे ती त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या नावाने दान देण्याची.

लेण्यांतही हेच दिसते. चीनमध्ये ल्वोयांगजवळच्या लोंगमेन लेण्यांत पाचव्या शतकाच्या अखेरीपासून भिक्खू-भिक्खुणींनी कोरवलेल्या मूर्तींखाली आईबापांसाठी आणि सात पिढ्यांसाठी पुण्य अर्पण केलेले आहे. पूर्वी विद्वान म्हणत की हा चिनी संस्कृतीचा प्रभाव, भारतीय भिक्खू घर सोडला की आईबापांना विसरत. आपल्या अजिंठ्याने हे मत खोटे पाडले. तिथल्या दानलेखांत शाक्यभिक्खूंनी या दानाचे पुण्य आईवडिलांना आणि सर्व प्राणिमात्रांना मिळावे असे लिहून ठेवले आहे. सव्विसाव्या लेण्याच्या लेखात भिक्खू बुद्धभद्राने अश्मक राजाचा मंत्री भव्विराज याचे आणि स्वतःच्या आईवडिलांचे स्मरण केले आहे. ग्रेगरी शोपेन या अभ्यासकाने १९८४ मध्ये भारतातले असे लेख एकत्र मांडून दाखवले. आपण अजिंठ्याला सहली नेतो, चित्रे पाहतो, हे लेख मात्र कोणी वाचून दाखवत नाही.

ह्युएनत्संगाचे उदाहरणही सांगितलेच पाहिजे. सुमारे ६४१ साली पुलकेशीच्या राज्यात, आपल्या महाराष्ट्रात येऊन गेलेला हा भिक्खू ६४५ साली चीनला परतला आणि भाषांतरात बुडून गेला. बारा वर्षांनी बादशहाबरोबर ल्वोयांगला जाण्याचा योग आला. जन्मगाव तिथून जवळ. नातलगांपैकी एक म्हातारी बहीण उरली होती. तिला घेऊन तो आईवडिलांच्या कबरी शोधत गेला. त्या गवतात हरवल्या होत्या, खचल्या होत्या. त्याने बादशहाकडे रजा मागितली, अस्थी काढून चांगल्या जागी नीट पुरल्या. एवढा मोठा त्रिपिटकाचार्य, पण त्या दिवशी तो फक्त मुलगा होता.

आता दोष. तेही झाकून ठेवायचे नाहीत. पूर्वजांसाठी कागदी पैसे जाळण्याची चाल तांग काळात रूढ झाली आणि आज ती बाजार झाली आहे. नरक-बँकेच्या नोटा, कागदी बंगले, मोटारी, मोबाइल फोन, सगळे जाळायला मिळते. तैवानमध्ये १९६६ साली भिक्खुणी चेंग येन यांनी स्थापन केलेल्या त्सु-ची संस्थेने याविरुद्ध मोहीम चालवली आहे. सातवा महिना भुतांचा नाही, कृतज्ञतेचा आहे, कागद जाळू नका, तो पैसा गरजूंना द्या, असे त्यांचे सांगणे असते. वंशावळीतून स्त्रिया वगळण्याची चालही बदलते आहे. कन्फ्यूशियसच्या घराण्याची वंशावळ २००९ साली नव्याने छापली, तीत वीस लाखांहून अधिक नावे आहेत आणि स्त्रियांची नावे प्रथमच घेतली आहेत.

बाहेरून बंदी घालून काय होते, याचाही अनुभव चीनने घेतला. सतराव्या शतकात जेझुइट पाद्री पूर्वजांचा मान हा सामाजिक शिष्टाचार मानत, इतर पंथांचे पाद्री त्याला मूर्तिपूजा म्हणत. पोपने १७०४ पासून बंदी घातली, खांग-शी बादशहाने उलट धर्मप्रसारच बंद केला, आणि शेवटी १९३९ साली रोमने ती बंदी उठवली. पुढे १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांतीच्या तरुणांनी पाट्या फोडल्या, वंशावळी जाळल्या, कन्फ्यूशियसच्या घराण्याच्या कबरी उकरल्या. दहा वर्षे झाली नाहीत तोच, १९७६ च्या छिंग-मिंगला, पेकिंगच्या मुख्य चौकात लाखो लोक चौ एन-लाय यांच्यासाठी पांढरी फुले घेऊन जमले. चौ यांची स्वतःच्या इच्छेप्रमाणे कबरही नव्हती, रक्षा विखुरलेली होती. लोकांनी तरीही दिवस तोच निवडला. सरकारने २००८ पासून या दिवशी सुट्टी दिली आहे, आणि ४ एप्रिल २०२० रोजी सकाळी दहा वाजता करोनाच्या साथीत गेलेल्यांसाठी सारा देश तीन मिनिटे थांबला होता.

हे सगळे ऐकल्यावर आपल्या घराकडे पाहू या. आपण पिंड सोडला, ते योग्यच केले. पण पुण्यानुमोदनाचे आज काय झाले आहे? काही घरांत मंडप, छापील पत्रिका, दोन-दोनशे पाने, आणि तेराव्याचाच हिशेब. कर्ज काढून पुण्यानुमोदन केल्याची उदाहरणे आमच्या मंडळात आहेत. नावे घेत नाही. मो-त्सु आज असता तर आपल्यालाही बोलला असता. लोटीतले पाणी ताटात ओतताना आपण दान कोणते दिले, संघाला काय दिले, गावातल्या शाळेला काय दिले, हे कोणी विचारत नाही. दुसरीकडे, ज्यांना चौथी पिढी पाटीवर लिहून ठेवता येते, त्या चिनी घरांशी तुलना केली तर आमची मान खाली जाते. या सभागृहातल्या किती जणांना पणजीचे नाव सांगता येईल? आम्हाला स्वतःला येत नाही. ज्यांना लिहू दिले नाही त्यांची नावे कोणी लिहिली नाहीत, हे खरे आहे. पण आपण लिहायला शिकून आता दोन-तीन पिढ्या झाल्या.

राहिला त्या मुलाचा प्रश्न. गेल्या आठवड्यात तो भेटला. आज्जीला विचारले म्हणाला. पान सासूचे नसते, सासऱ्याचेही नसते. १९७२ च्या दुष्काळात आज्जी खडी फोडायच्या कामावर जात असे, तेव्हा तिची वर्षाची मुलगी गेली. कामाच्या जागीच पुरली. मुलाच्या वडिलांचा जन्म त्यानंतरचा, त्यांना ही बहीण होती हेच माहीत नव्हते. लहान मुलाचे ना दहावे करीत ना पुण्यानुमोदन, म्हणून आज्जी पन्नास वर्षे गुपचूप एक लहानसे पान वाढत होती. आज्जीने नाव सांगितले तेव्हा बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. परवाच्या पौर्णिमेला त्यांनी विहारात संघाला भोजनदान दिले आणि गावच्या अंगणवाडीला दुधासाठी पैसे दिले. अनुमोदनाच्या वेळी भन्तेजींनी विचारले, कोणाच्या नावाने? तेव्हा आज्जीने स्वतः उठून ते नाव सांगितले.

जय भीम. नमो बुद्धाय.